टँकर वळवायला जागा

पहाटे तीनला निघतो मी लुगोहून
अठरा हजार लिटरचं रिकामं पोट घेऊन.
धुकं इतकं, की वळण दिसत नाही,
आठवतं.

पूर्वी या रस्त्यावर बेचाळीस गोठे होते,
बेचाळीस कुत्री मला ओळखायची.
आता नऊ. त्यातलं एक आंधळं,
ते इंजिनाच्या आवाजावर शेपटी हलवतं.

काम साधं आहे:
टाकीत पट्टी बुडवायची, आकडा वाचायचा,
निळ्या टोपणाच्या इवल्या कुपीत नमुना घ्यायचा,
नळी जोडायची,
आणि काही बोलायचं नाही.
हे शेवटचं कंत्राटात लिहिलेलं नाही,
पण महिन्याच्या पाच तारखेला
संघाची पाकिटंही माझ्याच हाती देतात,
टपालखर्च वाचतो म्हणून.

'प्रिय सभासद-मालक,
आपणांस कळविण्यात येते की…'
मालकांना कळविण्यात येतं.
फॅट इतकं, प्रोटीन इतकं, पेशी जरा जास्त,
गोठा मोठ्या रस्त्यापासून आत, त्याचे कापले,
दूध थोडं, थोडं आणायला त्रास, त्याचे कापले,
बाजार मंद, त्याचे सगळ्यांचेच कापले.
एलादिओनं एकदा पाकीट न फोडताच
दिव्यासमोर धरलं, एक्स-रे बघतात तसं.
म्हणाला, "मोडलंय हे नक्की.
कुठलं हाड, ते तू वाच."

माझा बाप सेकुंदिनो, सभासद क्रमांक सतरा.
शाळेच्या खोलीत, पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून
बसले होते ते सगळे, संघ काढायला.
कुणी सिमेंट दिलं, कुणी ओकचे वासे,
बापानं एक कालवड विकली.
डेअरीचं दार त्या कालवडीचं, असं म्हणायचा,
जाता-येता त्यावर थाप मारायचा, पाठीवर मारावी तशी.
त्या दाराशी मी आता ओळखपत्र दाखवतो.
काचेमागची पोरगी भली आहे, तिचा काय दोष.
दोष शोधत गेलं की
जो तो वर बोट दाखवतो,
आणि वर वर चढत गेल्यावर
सगळ्यात वरच्या कागदावर
बापाची वाकडी सही सापडते.

बाल्बिनाचं घर शेवटचं.
पुढे रस्ता नाही, निलगिरी आहे,
लोकांनी कुरणं मोडून लावलेली.
तिच्या सोळा गायी. नावं फळ्यावर, खडूनं:
मारेला, पिंता, सकाळची आळशी रोशा…
मंगळवारी गेलो. दूधखोलीत दिवा होता,
अंगण झाडलेलं.
पट्टी बुडवली,
टण्.
टाकी कोरडी, घासून लख्ख,
तळाशी माझंच तोंड.

"रविवारी नेल्या," ती दारातून म्हणाली,
"पोर्तुगालचा व्यापारी. फोन करायला हवा होता तुला."
"मग दिवा कशाला?"
"टँकर वळवायला जागा इथंच आहे ना.
काळोखात भिंतीवर घातला असतास."

कॉफी केली तिनं.
फ्रिजमधून खोकं काढलं, सुपरमार्केटचं,
त्यावर आमच्याच संघाचा शिक्का, हिरवी टेकडी,
आणि गळ्यात घंटा घातलेली एक गाय,
इतकी स्वच्छ, की कधी बसलीच नसावी.
साठ वर्षांत पहिल्यांदा विकत घेतलं म्हणाली.
हुंगून पाहिलं. कात्रीनं कोपरा कापला.
"यात माझंही असेल थोडं?"
"असेल."
"मग ओत जास्त. अडीच पट मोजून
माघारी आणलंय."

फळा अजून पुसलेला नव्हता.
मी तिकडे बघितलं नाही, तिनंही नाही.

गाडीत बसून यंत्रात भरलं: लिटर, शून्य.
यंत्र शून्य घेत नाही,
कारण विचारतं. पर्याय चारच:
जनावरांचा आजार. वीज गेली.
रस्ता बंद. चालकाला उशीर.

दिव्याच्या उजेडात
बराच वेळ वाचत बसलो चारही.
मग दाबलं,
चालकाला उशीर.