तीस मीटर

दुसऱ्या वर्षी स्टुडिओत आधी रंग शिकवले.
राहण्याला पिवळा, धंद्याला तांबडा,
कारखान्याला जांभळा, मोकळ्या जागेला हिरवा.
एका तुकड्याला एकच रंग, डॉ. अजेमान म्हणाले,
आणि रेघेबाहेर जायचं नाही.
मला आमचं घर आठवलं:
पुढच्या खोलीत मावशीचं शिवणयंत्र, मागे कोंबड्या,
रविवारी बाकं मांडून प्रार्थना,
रात्री त्याच बाकांवर आम्ही चौघी बहिणी.
पेन्सिली हातात धरून मी बराच वेळ बसले.
मग पिवळा भरला.
पूर्ण गुण मिळाले.

आमच्या गटाला ओढा आला.
ओढा म्हणजे नकाशावर केसाएवढी निळी रेघ,
कुमासीच्या कडेला, ट्रोट्रो जिथे रिकामी होऊन वळते
आणि सुतारांचा भुसा रस्त्यावर उडतो.
काठापासून तीस मीटर: भिंत नको, चूल नको,
फक्त झाडं.
अहवालाच्या पहिल्याच पानावर
'शाश्वत' हा शब्द अकरा वेळा.

जानेवारीत गेलो. हरमाटनची धूळ दातांत करकरत होती.
क्वादवो फितीचं एक टोक घेऊन खाली उतरला,
अळवाच्या पानांत कमरेपर्यंत बुडाला.
दुसरं टोक धरून मी मागे मागे सरकत राहिले,
बावीस, चोवीस,
सव्वीसला पोटऱ्यांना ऊब लागली.

"मागे सरकणारी माणसं," मामे फोरिवा म्हणाली,
"नेहमी कुणाच्या तरी पातेल्यात पडतात."

पाम तेलाचं पातेलं तिनं बाजूला ओढलं.
काय शिकता, विचारलं.
टिकेल असं शहर, मी म्हणाले, दुसरा शब्द सुचेना.
"किती टिकेल? या छपराला चार वर्षं झाली."
पाणी कुठे मुरतं ते बघायला आलोय.
"मुरत नाही, म्हणून तर वर येतं, पोरी.
वर पेट्रोलपंपाचं काँक्रीट झालं,
तेव्हापासून मुरायचं विसरलंय."

मग तिनं माझ्या हातातलं टोक घेतलं.
फेकून देईल असं वाटलं.
ती चालू लागली,
चुलीवरून, बाकावरून,
झोपलेल्या नातवावरून फीत उंच धरून,
कोंबड्यांना हाकलत,
मागच्या भिंतीला टेकली.
"इथे."

एकेचाळीस.

विटांवर कोळशाच्या रेघा, दर पावसाची एक.
ही घोट्याएवढी, एस्तेर झाली त्या वर्षीची.
ही गुडघ्याची, मिरच्यांचं पोतं गेलं तेव्हाची.
ही कमरेची. हिच्याबद्दल ती काही बोलली नाही.

एवढं ठाऊक असून इथेच का राहता?
मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.
तिनं नकाशा मागितला.
ओले हात पदराला पुसून, बोट फिरवत
स्वतःला शोधू लागली.
सगळं हिरवं.
"यात मी कुठे राहते?"

क्वादवो वर आला तेव्हा त्याची एक चप्पल चिखलात राहिली होती.
कुणीच हसलं नाही.

वर्गात डॉ. अजेमान यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
एकेचाळीस? स्रोत काय?
मी लिहिलं होतं:
फोरिवा अचाम्पोंग, कोळसा, विटांची भिंत, एकोणीस रेघा.
ते बराच वेळ वाचत राहिले, एकोणीस ओळी असल्यासारखे.
"आकडा ठेवा," म्हणाले, "नाव काढा."

आकडा ठेवला.
नाव तळटिपेत गेलं, बारीक अक्षरात,
रेघेबाहेर थोडंसं.
तिला कुठे राहू द्यायचं, हे अजून आमच्या कुठल्याच पानावर नाही;
सत्राचे सहा आठवडे उरलेत.

फीत परत करायच्या आधी पुसायला बसले.
अगदी टोकाला अंगठ्याचा डाग, पाम तेलाचा,
केशरी.
साबणानं गेला नाही.
रंगांची सूची काढून पाहिली.
हा त्यात नाही.