कुठला पांढरा?

चाळीस वर्षं मी या गावाला चुना लावला
आणि एकाही घरमालकाची तक्रार नाही.
आता शिडी म्हटलं की गुडघे कुरकुरतात,
म्हणून लेकीनं लिस्बनहून पैसे पाठवले :
बाबा, कॅमेरा घ्या. हातांना काहीतरी काम हवं तुमच्या.

बसनं एव्होराला गेलो.
काउंटरमागे तेल्मो, दाढी ठेवायची की नाही
हे अजून ठरलं नव्हतं त्याचं.
एकेक खोकं उघडत गेला.
हा चोवीस मेगापिक्सेलचा, हा तेहेतीसचा,
याला हात थरथरला तरी चालतो,
हा पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो.
मी विचारलं, पांढरा दिसतो का याला?
सगळेच रंग दिसतात, आजोबा.
सगळे नकोत. पांढरा.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी पाहायचो त्या गिऱ्हाइकाकडे
जे म्हणायचं, साधा पांढरा मारा.

साधा पांढरा नसतो.
कळीचा चुना पाण्यात फसफसतो तेव्हाचा एक,
तीन दिवस मुरल्यावरचा दुसरा,
उन्हात डोळे मिटायला लावतो तो,
आणि त्याच भिंतीचा सावलीतला,
ज्यात कुणी निळीचा थेंब सोडलाय असं वाटतं.

शेवटी सगळ्यात हलका घेतला.
कुणीतरी वापरून परत दिलेला,
अंगठ्याखालचं रबर झिजलेलं.
झिजलेल्या हत्यारावर माझा विश्वास बसतो.

पहिला फोटो देओलिंदाच्या भिंतीचा.
भर दुपारचं ऊन, आणि कॅमेऱ्यात भिंत
जुन्या बनियनसारखी.
पुन्हा काढला. पुन्हा बनियन.
रात्री पुस्तिकेत सापडलं :
हे यंत्र सगळं जग करडं धरून चालतं,
समोर फार पांढरं आलं की बिचकून उजेड कमी करतं.
आपण त्याला सांगायचं, अधिक एक. अधिक दीड.
दुसऱ्या दिवशी चाक फिरवलं,
हाताखालच्या पोरांना सांगायचो तसंच :
अजून एक हात दे. भिऊ नकोस. अजून एक.
तिसऱ्या हाताला भिंत उजळली.

हिवाळाभर कॉम्प्युटर शिकलो,
लेक फोनवर, चष्मा कपाळावर.
एक पट्टी असते, डावीकडे ओढली की भिंत गारठते,
उजवीकडे ओढली की भाजल्या पावासारखी होते.
किती ओढायची ते कुणी सांगत नाही.
जानेवारीत माझं आकाश इतकं निळं झालं
की पाद्रीबाबांनी विचारलं, हे कुठलं गाव?

मग तो ब्रश सापडला.
डागावर फिरवला की डाग नाही.
शिडी नको, बादली नको, नाकात चुना नको.
देओलिंदाची भिंत उघडली.
वळचणीखालचं काळं काय होतं ते पुसलं,
पोपडे बुजवले, ओल घालवली, शेवटी विजेची तार काढली.
चार रात्री लागल्या.
जन्मात इतकी स्वच्छ भिंत मी कुणाला दिली नव्हती.

छापून तिच्याकडे नेला.
ती दारात शेंगा सोलत होती.
हात पुसून तिनं फोटो लांब धरला, मग जवळ.
भिंत छान आहे, बेल्मिरो,
पण पाकोळ्यांचं घरटं कुठे गेलं?

वळचणीखाली, डाव्या कोपऱ्यात, मातीची वाटी.
दर वर्षी मी तिच्याभोवती चार बोटं जागा सोडून
चुना मारायचो.
एकदा कुंचा निसटला
तर बोटानं पुसून काढला होता, शिडीवर लोंबकळत.
आणि इथे खुर्चीत बसून, चहा पीत,
एका टिचकीत.

घरी येऊन मागे जायचं बटण दाबत बसलो.
यंत्रानं माझं प्रत्येक पाऊल लिहून ठेवलं होतं.
तार आली. ओल आली.
पोपडे एकेक करून आपल्या जागी परतले.
बोट दुखायला लागलं तेव्हा कधीतरी
घरटं.

तिथे थांबलोय.
ओल घालवीन, ती मलाच बघवत नाही.
तारेचं काय करायचं ते ठरत नाहीये.
त्या बसतात तिच्यावर.