कुठल्या रकान्यात

झापोतित्लानला, मिठागरांच्या वरच्या अंगाला
पत्र्याची एक खोली आहे. आत तीन कपाटं,
एकेकाचा ऋतू ठरलेला:
पंधरा अंश, पंचवीस, चाळीस.

एर्मेलिंदा काचेच्या बशीत टिपकागद भिजवते,
त्यावर तेतेचो निवडुंगाच्या पन्नास बिया मांडते,
इतक्या बारीक, की चिमटीत धरल्या
तरी धरल्यासारखं वाटत नाही.

पंचवीसच्या कपाटात सहाव्या दिवशी
हिरवी टिंबं, गच्च.
पंधरात विसावा दिवस उजाडतो,
आणि दोनच, थंडीत उठवलेल्या पोरांसारखी आळसट.
चाळीसमध्ये काही नाही.
वहीत ती शून्य काढते. रोज. हल्ली थोडं घाईनं.

बाप क्रेसेन्सिओ, वाफ्यात बोट बुडवून
मीठ कधी धरेल ते सांगणारा,
दारातूनच विचारतो:
"चाळीसला मरतं म्हणतेस.
मे महिन्यात आपला दगड किती तापतो, मोजलायस?"

मोजला. अठ्ठावन्न.
मग तो तिला काटेरी झुडपाखाली वाकायला लावतो.
तिथे एकतीस. पाचोळा, बकरीच्या लेंड्या,
आणि शर्टाच्या बटणाएवढा एक निवडुंग.
"सात वर्षांचा असेल," बाप म्हणतो.
"मोठा झाला की
या झुडपाचंच पाणी ओढून घेईल, हं.
झुडूप वाळेल."
हे तो असं सांगतो
जसं कुणी शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न ठरल्याचं सांगावं.

ती काही बोलत नाही. गुडघ्यात रुतलेला काटा काढते.

पुढच्या आठवड्यात वादळात तार तुटते,
रात्रभर वीज नाही.
कपाटं आपापले ऋतू विसरतात,
काळोखात तिन्हींत एकच हवा.
सकाळी चाळीसचा काटा बावीसवर. ती चरफडते,
महिन्याचं काम पाण्यात गेलं म्हणते,
बश्या मात्र टाकत नाही.

चौथ्या दिवशी चाळीसच्या बशीत
एका बीचं टरफल फाटलेलं,
कडेला ओलसर पांढरं काहीतरी.
ती भिंग धरते, श्वास आवरते,
वाफेनं काच धुरकटू नये म्हणून.

वही उघडी. तीन रकाने.
पेन्सिल कानामागे.
खाली वाफ्यांत बाप फावड्यानं मीठ ओढतोय,
त्याचा आवाज येतो, थांबतो, येतो.