निरसन आणि व्यावृत्ती

सोनजे आले, हेल्मेट काखेत,
नोटीस चार घड्या घातलेली.
दोन हजार नऊचं वार्षिक विवरण
भरलंच नव्हतं.
"मॅडम, तो छप्पन्नचा कायदाच उठला ना?
मग हे आता कुठून उगवलं?"

मी नव्या कायद्याची शेवटची पानं उघडली.
निरसन. आणि लगेच, त्याला चिकटून,
व्यावृत्ती.
शाळेत शंकानिरसनाचा तास असायचा,
शंका खरंच जायची.
इथे कायदा जातो,
त्याच्या हयातीत घडलं ते जात नाही.
चूक, दंड,
अर्ध्यावरचा खटला.

ते खिडकीबाहेर बघत राहिले.
आयटीआय सिग्नलच्या पुढे, सातपूरला, त्यांची शेड.
स्प्रिंगांच्या जागी आता जिम आहे,
भिंतभर आरसे.
फरशीवरचा तेलाचा डाग काही निघेना,
म्हणून त्यावर रबर अंथरलंय.

"किती?"
आकडा सांगितला. दिवस मोजून लावलेला.
त्यांनी मान हलवली, पेन उघडलं,
परत बंद केलं.

"कुमुदची नेमणूकही त्यातलीच.
संचालक म्हणून. सत्त्याण्णवचा ठराव आहे.
ती...?"

सहा वर्षं झाली कुमुदताईंना जाऊन.
"राहते," मी म्हटलं.
"त्यांनी केलेल्या सह्यासुद्धा."

चेक फाडताना त्यांचा हात स्थिर होता.
निघताना दारातून वळले:
"त्या पानाची झेरॉक्स द्याल?
नोटिशीला जोडू नका.
वेगळी द्या."