नाश्त्याची वही

रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की
उर्केन वही काढतो,
पेन्सिल जिभेला लावतो
आणि विचारतो, उद्या सकाळी काय?
लापशी, तिबेटी भाकरी, अंडं. किती वाजता?
आम्ही नऊ जण. दिवसभर चढून
एवढाच काय तो निर्णय आमच्या हातात उरलेला,
आणि तोही आम्ही तीनदा बदलतो.
तो खोडरबर मागत नाही. नुसती रेघ मारतो.

नामचेपासून हेच.
मणीच्या दगडांची भिंत आली की डावीकडून जा.
खेचरांच्या घंटा ऐकू आल्या की डोंगराच्या अंगाला उभे राहा,
दरीच्या नाही.
बाकी काही विसरलात तरी चालेल, म्हणाला, हे नको.
मग बोटाला चिमटा, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा,
तोही वहीत,
लापशीच्या शेजारी.

मोंगच्या खिंडीतून खाली, पार नदीपर्यंत खाली,
कमावलेली सगळी उंची उधळून टाकत,
आणि पलीकडे भूर्जांच्या रानातून
तीच पुन्हा उसनी घेत
फोर्त्सेला पोचलो, तेव्हा
बटाट्याच्या वाफ्यांवर धुकं उतरत होतं
आणि एक डांफे पक्षी कुणाच्या तरी बांधावर
मालकासारखा उभा होता.

लॉजवाली म्हातारी बुटकी, पट्ट्यापट्ट्यांचा पदर कमरेला बांधलेली.
बंबात याकच्या गोवऱ्या घातल्या तिनं,
आमचे ओले मोजे स्वतःच्या हातानं तारेवर टाकले
आणि कप रिकामा दिसला की
शे, शे, म्हणत पुन्हा भरला.
नको म्हणायला आम्हाला शेर्पा येत नव्हतं.
भिंतीवर शिखरांची प्रमाणपत्रं, काचेत, ओळीनं.
आम्ही त्यांचे फोटो काढले.
नावं वाचली नाहीत.

उर्केन आमच्यात बसला नाही, स्वयंपाकघरात जेवला.
सगळेच वाटाडे तिथं जेवतात.

रात्री झोप येईना.
प्लायवूडच्या एका बाजूला कुणी जर्मन खोकत होता,
दुसऱ्या बाजूला, चुलीपाशी,
उर्केन वही वाचून दाखवत होता आणि म्हातारी हुंकार देत होती.
भाषा कळत नव्हती, पण
नऊ जणांची यादी संपायला
एवढा वेळ लागत नाही.
मध्येच ती हसली. मध्येच खूप वेळ
नुसतं पातेलं घासल्याचा आवाज.

सकाळी बिल.
उर्केननं दोनदा तपासलं.
फोन चार्ज केल्याचे तीनशे ती लावायला विसरली होती,
ते त्यानं लिहिले.
अंगणात धूप जळत होता. तिनं एकेकाच्या गळ्यात खाता घातला,
पांढरा, सैल, वाऱ्यावर सहज उडेल असा.
शेवटी उर्केनच्या. त्याच्या गळ्यात
घालून गाठ मारली,
आणि गाठ ओढून पाहिली,
शाळेत जाणाऱ्या मुलाची ओढतात तशी.

दोन वळणं गेल्यावर
जसहाङ राई, आमच्या तीन बॅगा कपाळाच्या पट्ट्यावर पेलत,
सहज म्हणाला, आईला गुडघ्यासाठी काठमांडूला ने म्हणतोय
दोन वर्षं झाली, ऐकत नाही ती.
कुणाची आई?
त्यानं हनुवटीनं पुढं दाखवलं.
पुढं उर्केन चालला होता,
कड्याच्या अंगानं, हळूहळू,
आमच्यातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या वेगानं.

त्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही.
दमच नव्हता, हेही खरं.

पांगबोचेला बंबाशेजारी बसून
तो ती गाठ एका हातानं चाचपत होता.
सुटत नव्हती की सोडवायची नव्हती,
सांगता येणार नाही, बोटं गारठलेली होती.
मग वही काढली, पेन्सिल जिभेला लावली.
उद्या सकाळी काय?

लापशी, म्हणालो. सहा वाजता.
आज कुणी बदललं नाही.