अंदाजे

लाडू तारी म्हणतो, माजो जल्म
खाडयेन तोंड बदलल्यान, त्या वर्साचो.
तहसील कचेरीच्या रकान्यात हे मावत नाही.
तिथे दिवस, महिना, साल.
आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याचे चार दात पाहिले,
मनगट दाबलं, लिहिलं: अंदाजे ६२.
म्हातारपणाच्या पेन्शनला तीन वर्षं कमी.
तारीख, एक जून.
आमचं अर्धं तळाशील एक जूनलाच जन्मलंय,
मास्तरांच्या एकाच दौतीतून.

मी सुट्टीवर आलेय, काम बरोबर घेऊन.
माझ्या कामातही अडतो तो हाच रकाना.
लहान तारे, तांबूस, सूर्याच्या पावपट,
इतके मंद की अवसेच्या रात्री
या वाळूवर पाठ टेकून पाहिलं
तरी एकही डोळ्याला लागत नाही.
दात नाहीत, मनगट नाही.
अंगावर डाग असतात फक्त.
डाग समोर येतो, उजेड किंचित उतरतो,
डाग मागे जातो, भरतो.
स्क्रीनवर तेवढी एक रेघ,
आणि दोन ओहोट्यांमधले दिवस मोजायचे.
तारा जुना होतो तसा सावकाश फिरतो:
त्याच्याच अंगचा वारा त्याचं फिरणं
चिमूटचिमूट बाहेर नेऊन सांडतो.

सोपं वाटतं. पहिल्या वर्षी मलाही वाटलं.
पण हे लहान, पेजेसारखे
तळापासून वरपर्यंत ढवळत राहणारे,
कितीतरी काळ दमतच नाहीत.
पोर कोण, पोक्त कोण, सगळे सारख्याच घाईत.
आणि मग एकाएकी
दोन दिवसांची फेरी शंभर दिवसांची होते.
का, ते अजून नीट कोणाला ठाऊक नाही.

नेटवर्क धक्क्यावरच मिळतं, म्हणून मी तिथे बसते.
लाडूची होडी जाते, येते
माझ्या स्क्रीनच्या वरच्या कडेवरून.
सवयीने घड्याळ लावलं.
तळाशील ते रेवंडी, एकोणीस मिनिटं.
पूर्वी किती लागायची?
"सात."
पन्नास वर्षं सात. वल्हं तेच, पाणी तेच.
आणि मग?
"दोन वर्सांआदी, चवथ झाल्यार," म्हणाला,
आणि वाऱ्याची बाजू बघून पाण्यात थुंकला.

शेवटी मी तेच केलं जे ताऱ्यांसाठी करतो.
जोडीदार शोधायचा:
एकाच ढगातून एकाच वेळी निघालेला,
लांब गेलेला, तरी दोर न सुटलेला,
आणि ज्याचं वय
दुसऱ्याच कुठल्या वहीत लागतं.
तुझ्याबरोबर कोण जन्मलेलं, लाडू?
"आंतोनेत, रेवंडेची. एकच सुईन, एकच रात.
माका हयसर काढल्यान
नि तशीच होडयेत बसान पलतडी गेली."

फर्नांडिसांचं दार सुनेने उघडलं.
भिंतीवर फोटो, फोटोला मण्यांची माळ.
बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत
बिस्किटांच्या डब्यात, रेशनकार्डाखाली.
कधी गेल्या, विचारलं.
"दोन वर्षं झाली. तुमचे गणपती नुकतेच पोचले होते."
साल वाचलं. वजाबाकी केली, परत केली.

तो होडीतच बसून होता, उतरला नाही.
"कितकी?"
एक्याऐंशी.
बराच वेळ वल्ह्यावरचं शेवाळ नखाने काढत राहिला.
"नाय गो," म्हणाला,
"आंतोनेत येवडी म्हातारी नाय होती."

ओहोटी उलटी होती. परत यायला बावीस मिनिटं.

त्या रात्री माझ्या एका ताऱ्यापुढे मी लिहिलं,
सात अब्ज वर्षं, दोन अब्ज इकडे किंवा तिकडे.
सोमवारी डॉक्टरांनी लाडूच्या अर्जावरचा
बासष्ट खोडून वर आकडा बदलला.
पहिला शब्द तसाच ठेवला.
अंदाजे ८१. एक जून.