शून्य-तीन

फिगरेदो सरांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली
तेव्हा आम्ही शिन गार्ड म्हणून
मोज्यांत वह्यांचे पुठ्ठे कोंबत होतो.
पूर्व जर्मनी म्हणून एक देश होता, सर म्हणाले,
त्यांच्या बायकांची टीम एकच मॅच खेळली.
अख्ख्या जन्मात एक.
पॉट्सडॅमला, नव्वदच्या मे महिन्यात.
हरली. शून्य-तीन.
ऑक्टोबरात देशच उरला नाही.

"एकच मॅच?" शेवंता कंग्राळकर म्हणाली,
"मग बूट कशाला घेतले गे त्यांनी?"

आमच्यात बूट चौघींकडे होते.
निंगव्वा अनवाणी खेळायची, आणि तिच्या लाथेपुढे
बूटवाल्या बाजूला व्हायच्या.
गोलात इनासिया, कँपातली, गुडघ्यावर कायम आयोडिन.
रुबिना मुल्ला दप्तर घेऊन यायची
आणि दप्तरात शाळा नसायची.
लेले मैदानावर एक हाक चार भाषांत फिरायची:
दे की, कोडे, इदर, दी गो.
चेंडू मात्र एकदाच जायचा,
तोही बहुतेक म्हशींकडे.

मॅच झाली हुबळीला, रेल्वेच्या मैदानावर.
जर्सी हॉकीच्या पोरांकडून उसन्या,
बाह्या कोपराखाली. पन्नासेक माणसं,
त्यातली निम्मी पलीकडच्या क्रिकेटचा चेंडू शोधायला आलेली.
एक-चार.
तो एक निंगव्वाचा.
परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही,
लोंढ्याला इनासियानं स्वतःच्या पैशाचे वडे घेतले
आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागलो.

पुढं दहावी आली, पावणे आले बघायला,
जूनपर्यंत टीम संपली. कुणी बंद केली असं नाही.
पूर्व जर्मनीवाल्यांना निदान तारीख मिळाली.

आता मी शहापुरात मशीन टाकून बसलेय.
ब्लाऊज, फॉल-पिको, हल्ली जर्सीचे नंबर.
परवा एक पोरगी आली येळ्ळूरची,
गाठोड्यात सोळा जर्सी.
म्हटलं, पाठीवर गावाचं नाव कुठल्या अक्षरांत घालू?
या प्रश्नावर इथं बसेस थांबल्यात,
पाट्यांना काळं फासलंय,
माझ्या सासऱ्यांनी दोन महिने हिंडलग्याच्या तुरुंगात काढलेत.
माझ्या प्रमाणपत्रावरचं बेळगाव
स्टेशनावर आता वेगळं लिहितात.
पोरगी घड्याळ बघत होती.
"नंबर तेवढे घाला की आक्का. शनिवारी मॅच हाय."

निंगव्वा बैलहोंगलला असते.
मागं बसस्टँडवर भेटली, नातू कडेवर.
काय बोलावं दोघींना सुचेना,
तर तिनं चप्पल काढून टाच दाखवली.
घट्टा अजून आहे.

रात्री नंबर शिवताना
सरांनी सांगायचं राहिलेलं एक आठवलं,
ते मला फार उशिरा कळलं:
समोरची टीम होती चेकोस्लोव्हाकियाची.
तीन वर्षांत त्याही देशाचे दोन झाले.
म्हणजे ज्यांनी ते तीन गोल मारले
त्यांचे गोल आता कोण, कुठल्या वहीत मांडतं?
का त्यांच्यातली कुणी, माझ्याच वयाची किंवा थोडी मोठी,
पलंगाखालच्या पेटीतली जर्सी काढते,
नाकाला लावते,
आणि घरातलं कुणी विचारतं, हे कुठलं गाव?

दोरा तुटला.
सात उलटा बसला होता.
उसवायला घेतला.